कुंदाच्या यादीतला पहिला क्रमांक

प्रिय रेवा आणि ईशान,

हे मी मराठीत लिहिते आहे, त्याचं कारण आधी सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी लिहिते. माझा सगळा जन्म दुसऱ्यांची पत्रं टाइप करण्यात गेला, त्यामुळे त्या भाषेत मला हवं ते झाकता येतं. या वेळी झाकायचं नाही. रेवा, तुला बॉथेलमध्ये बसून हळूहळू का होईना वाचता येईल; रविवारच्या मराठी शाळेतलं थोडं तरी शिल्लक असेल. ईशान, तू सुट्टीला प्लेनोत घरी आहेस तोवर तुझ्या बाबाकडून वाचून घे.

तुमच्या आत्याआजीला जाऊन पाच आठवडे झाले. गेल्या रविवारी ईशानचा फोन आला. तिच्या सगळ्या याद्या एकत्र करून एक छोटं पुस्तक करायचं, नाताळच्या सुट्टीत सगळे नेपरव्हिलला माझ्याकडे जमतील तेव्हा प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. दर डिसेंबरला तुम्हाला येणारी 'या वर्षीचे माझे आवडते व्हिडिओ गेम' ही यादी. अशा दहा याद्या, आणि यंदाची अकरावी. "आजी, तू फक्त फाइल्स पाठव. फ्रायडेला प्रिंटरकडे द्यायचंय," ईशान म्हणाला. मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

त्यातली एक यादी तिची नाही. चार वर्षांपूर्वीची. तिच्यातला पहिला क्रमांक मी बदलला होता. शुक्रवारी ती तशीच तिच्या नावावर छापली गेली, तर ती कायमची तिची होईल, आणि 'हे मी म्हटलेलं नाही' असं सांगायला आत्याआजी नाही. सांगू शकेल असं आता एकच माणूस आहे, ती मी.

हे तुम्हाला सरळ सांगायला गेले तर जमेना. दोन कागद फाडले तेव्हा लक्षात आलं की तिच्याशी बोलल्याखेरीज मला हे सांगता यायचं नाही. म्हणून यापुढे मी जिला 'तू' म्हणते ती कुंदा. तुम्ही शेजारी बसून ऐका.

कुंदा,

तुझी खोली अजून आवरलेली नाही. हे ऐकून तू म्हणशील, "वहिनी, ताप आहे का तुला?" ताप नाही. रोज सकाळी आवरायला म्हणून जाते, तुझ्या खुर्चीवरची शाल उचलते, घडी घालते आणि पलंगावर बसते. मग अकरा वाजतात. बाहेर बर्फ आहे, शेजारचा माणूस आपली वाट साफ करून जातो, मी खिडकीतून हात करते. तेवढंच माझं दिवसातलं बोलणं.

तू रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता दोघी मिळून बाग करू. तुझी लॅबमधली नोकरी, शिकागोपर्यंतची रोजची ट्रेन, आयुष्यभर मायक्रोस्कोपला लावलेला डोळा. मला वाटलं होतं तुला मोकळी हवा हवी असेल. आणि तू पहिल्याच वाढदिवसाला आमच्या थोरल्याकडून गेमची मशीन मागून घेतलीस. तुझा दादा म्हणाला, "कुंदे, सत्तरीला आलीस." तू म्हणालीस, "म्हणूनच. आता घाई करायला हवी."

ईशान तेव्हा आठ वर्षांचा. प्लेनोहून फोन स्पीकरवर टाकून तुला शिकवायचा. "प्रेस एक्स, आत्याआजी! एक्स! नो, नो, तो एक्स नाही!" आणि तू, जिने तीस वर्षं रक्ताचे नमुने तपासले, हातातल्या त्या वस्तूकडे बघत विचारायचीस, "अरे, एक्स किती आहेत इथे?" तुझा दादा पेपरामागून ओरडायचा, "कुणी जिंकलं का?" "नाही रे, मी विहिरीत पडले." "चहा प्यायला वर ये मग."

मला ते सगळं पोरकट वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. तो आपला जुना वाद. मी म्हणायचे, "खोट्या गावात खोटी शेती करून काय मिळतं?" तू म्हणायचीस, "तुझ्या सुडोकूतून काय मिळतं? समाजसेवा घडते का?" मी म्हणायचे, निदान त्याने डोकं चालतं. तू म्हणायचीस, "माझी टोमॅटो आलीत, वहिनी. तुझ्या बागेतली यंदा हरणांनी खाल्ली." 

याद्यांची सुरुवात रेवाने केली. नाताळला कुठला गेम मागू, असं तिने तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, थांब, मी नीट लिहून पाठवते. लिहिणार कोण? तर मी. "माझी बोटं मला खेळायला ठेवायचीत. लिहायला तू आहेस की." आणि मी तयार झाले, कारण शिस्तीत लिहिण्याचं काम मला कुणी सांगितलं की मी नाही म्हणत नाही.

मुलांनो, तुम्हाला हे माहीत नसेल. मी सतराव्या वर्षी पुण्यात शॉर्टहँड शिकले. साहेब बोलतो त्या वेगाने, बारीक रेघा आणि ठिपक्यांनी, त्याचं बोलणं उतरवून घ्यायचं आणि मग ते टाइप करायचं. त्या रेघा शब्दांचं स्पेलिंग धरत नाहीत, आवाज धरतात. त्यामुळे इंग्रजीसाठी शिकलेल्या त्या रेघांत मी तिचं मराठीही घ्यायचे, शब्द न शब्द. इंग्रजीत सुबक यादी टाइप व्हायची ती नंतर.

तर कुंदा, दिवाळी झाली की आपण दोघी बसायचो. जेवणाच्या टेबलावर, दुपारी, फराळाचं उरलेलं पुढ्यात घेऊन. दरवर्षी नवी वही, हा माझा नियम. दहा खेळ, प्रत्येकाला तीन ओळी, हाही माझा. तुझा नियम एकच होता: यादी खालून वर सांगायची, दहापासून एकपर्यंत. आणि खेळ नवाच पाहिजे असं तुला नसायचं. या वर्षी आपल्याला भेटला तो या वर्षीचा. खेळांची खरी नावं मला लक्षात राहायची नाहीत, म्हणून आपण आपली नावं ठेवली होती. मालगाडीचा. बेटावरच्या पोस्टाचा. भांडकुदळ राजाचा. त्या राजाला तू तीन वर्षं यादीत घेतलंस आणि तीनही वर्षं त्याला शिव्या दिल्यास.

"'धमाल' हा शब्द आठ वेळा आलाय, कुंदा."

"मग आठ वेळा आली असेल."

"मुलांसमोर असं एकच विशेषण बरं दिसत नाही."

"तू तुझं इंग्रजी घाल त्याला. मला धमाल आली एवढं त्यांना कळलं की झालं."

मी डिलाइटफुल घालायचे, एन्गेजिंग घालायचे. तू टाइप केलेला कागद वाचायचीस, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचीस आणि खाली सही करायचीस. "ही कोण बाई आहे गं? फार सभ्य दिसते."

मग तुझा दादा गेला. मेमध्ये.

त्या उन्हाळ्यात मी काय केलं ते तुला माहीत आहे. कपाटं आवरली. त्याची, माझी, मग तळघरातली, मग गॅरेज. सगळ्या खोक्यांवर लेबलं लावली. दोन्ही मुलं येऊन गेली आणि परत जाताना एकमेकांना म्हणाली, आई खूप धीराची आहे. मला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं. तू दिवसभर तुझ्या खोलीत खेळत असायचीस. दार उघडं असायचं. मी हातात काही ना काही घेऊन त्या दारावरून जायचे. आत आले नाही. मला तुझा राग यायचा, भाऊ जाऊन दोन महिने झाले आणि हिला खेळ सुचतात.

त्या वर्षी दिवाळी केली नव्हती, पण तू ठरल्या वेळी टेबलाशी येऊन बसलीस. मी वही काढली. दहा, नऊ, आठ, सगळं नेहमीसारखं सांगितलंस, थोडं हळू. सहाव्यावर केकच्या दुकानाचा होता, त्यावर आपण हसलोसुद्धा. मग पहिला आला. ती वही आता माझ्यासमोर आहे. तुझं बोलणं मी जसंच्या तसं उतरवते आहे. चार वर्षांत हे पान मी पहिल्यांदा उघडलं.

"पहिला नंबर, हवामान केंद्राचा. लिही. डोंगरावर एक हवामान केंद्र आहे, तिथे दोन माणसं कामाला. रोज सकाळी तापमान बघायचं, वारा बघायचा, आणि खालच्या गावाला कळवायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. तिसऱ्या महिन्यात दुसरा माणूस येत नाही. का येत नाही ते खेळ सांगत नाही. पुढे वर्षभर आपणच वाचायचं आणि आपणच लिहायचं. बाकी काही होत नाही. जिंकणं नाही, हरणं नाही. त्याचा कप तिथे टेबलावर असतो. तो उचलता येतो, पण ठेवायला दुसरी जागाच नाही, परत तिथेच ठेवावा लागतो. मी हा खेळ दोनदा पुरा केला. दुसऱ्यांदा कप उचललाच नाही. लिहिलंस? आता हेही लिही. दादा गेल्यापासून या घरात आम्ही दोघी आहोत. वहिनी रडत नाही, म्हणून मला रडता येत नाही. ती दारावरून जाते. तिला सांगायचं होतं की वहिनी, थोडा वेळ हातातलं ठेव आणि माझ्याजवळ येऊन बस. फुलस्टॉप."

मी हे सगळं घेतलं. मान वर न करता. डिक्टेशन घेणारीने मध्ये बोलायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, ही शिस्त मला सतराव्या वर्षी लावली गेली आणि ती इतकी मुरली की तू माझ्याविषयीच बोलत होतीस तरी माझी पेन्सिल थांबली नाही. तुझं 'फुलस्टॉप' झाल्यावर मी म्हणाले,

"हे फार लांबलंय. बाकीच्यांना तीनच ओळी दिल्यात."

तू वहीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरं. तू बघ काय ते."

"चहा टाकू?"

"टाक."

एवढंच झालं. तुला दुसरी कुठली वाट नव्हती म्हणून तू ते त्या वहीत सांगितलंस, समोर बसून सांगितलंस, आणि मी उठून चहा टाकला.

टाइप करायला बसले तेव्हा स्वतःला समजावलं की मुलांना हे फार जड होईल. आजोबा नुकतेच गेलेत, त्यात हे कशाला. सहाव्या क्रमांकावरचा केकच्या दुकानाचा खेळ उचलला आणि पहिला केला. हवामान केंद्र काढूनच टाकलं. यादी नऊ खेळांची झाली, तीही तशीच ठेवली. दहावा मनाने घालायचं धाडस झालं नाही. एवढा प्रामाणिकपणा मी दाखवला. मुलांचं कारण खरं नव्हतं, ते आज सांगते. ती यादी माझी दोन्ही मुलं वाचणार होती. आई धीराची आहे असं म्हणणारी मुलं. तू त्या दुपारी मला बोलावलंस आणि मी आले नाही, हे त्यांना कळलेलं मला चालणार नव्हतं.

तू कागद वाचलास. दोनदा वाचलास बहुतेक, कारण मला भांडी लावायला वेळ मिळाला. चष्म्यावरून बघितलं नाहीस. सही केलीस.

चार दिवसांनी ईशानचा फोन आला. तेव्हा तो चौदा वर्षांचा, कशावरच विश्वास न ठेवणारा. स्पीकरवर.

"आत्याआजी, सीरियसली? केक शॉप? नंबर वन? इट्स सो बोरिंग!"

मी सिंकपाशी उभी होते. तू म्हणालीस, "वय झालं रे माझं. गोड आवडायला लागलं."

"आणि नऊच का आहेत? दहावा कुठाय?"

"दहावा तुझ्या आजीने ठेवून घेतलाय."

तो हसला. मीही हसले, विनोद असल्यासारखं. तू हसली नाहीस, पण रागावलेलीही नव्हतीस. फोन ठेवलास आणि मला विचारलंस, रात्रीला पिठलं करायचं का. त्या क्षणी मला कळलं की तुला कळलंय, आणि तू मला सांभाळून घेते आहेस. मी पिठलं केलं.

त्यानंतर आपण दोघी तीन वर्षं टेबलाशी बसलो, तीन याद्या झाल्या. वह्या चाळल्या तर फरक दिसतो. तू तीन ओळींच्या वर गेली नाहीस. धमाल होती, शिव्या होत्या, भांडकुदळ राजाही परत आला. पण 'हेही लिही, वहिनी' असं तू पुन्हा कधी म्हणाली नाहीस. मी दर वर्षी पेन्सिल धरून वाट बघायचे. म्हणालीस तर या वेळी थांबायचं, वही मिटायची, असं ठरवून बसायचे. तू शेवटचा खेळ सांगून उठायचीस. मी आपणहून काही बोलायला हवं होतं. माझ्या डोक्यात ते वाक्य तयारही होतं, इंग्रजीत.

असं असूनही आपलं बरं चाललं होतं, नाही का? हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. दुखणं आलं तेव्हा तू मला डॉक्टरसमोर बोलू द्यायची नाहीस. "वहिनी, तू लक्षणं फार सुंदर सांगतेस, त्यांना वाटेल मी बरी आहे." यंदा सप्टेंबरमध्ये तुला दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. ईशान कॉलेजला गेलेला, त्याला वेळ नाही. आणि तुला तो शिडीचा खेळ खेळायचा होता, ज्यात दोन माणसं एक लांब शिडी धरून डोंगर चढतात आणि दोघांनाही खेळावंच लागतं. एका मंगळवारी दुपारी तू दुसरं रिमोट माझ्या मांडीवर ठेवलंस. त्याचं नाव रिमोट नाही हे तू मला दहा वर्षं सांगत होतीस.

"वहिनी, तुझी बाजू उचल. उचल म्हणते ना!"

"उचलतेच आहे."

"ती उडी मारलीस. आता आपण दोघी दरीत."

"मग परत जाऊ."

"जाऊच, पण तू माझ्याकडे बघत चाल. शिडीकडे कशाला बघतेस, ती कुठे जातेय?"

पाऊण तासात आपण एकोणीस वेळा दरीत पडलो. मी मोजलं, कारण मी मोजतेच. एकदा तर मी एकटीच पडले आणि तू वर शिडी धरून उभी, आणि इतकी हसलीस की मला काळजी वाटायला लागली, पाणी आणून दिलं. अर्ध्या डोंगराच्या वर आपण गेलो नाही. मला वाटतं, तुझ्या दादाच्या मागे या घरात आपण दोघी इतकं मोठ्याने त्याच एका दुपारी हसलो. तेव्हाही मी बोलू शकले असते. दोघींच्या मांड्यांवर एकेक रिमोट होतं, तू माझ्या खांद्याला टेकून धापा टाकत होतीस. मी म्हणाले, "आता पुरे, गोळीची वेळ झाली."

यंदाची यादी आपण दोन बैठकांत केली. तू खुर्चीत, मी स्टुलावर. दहापासून दोनपर्यंत आलो. दोनवर शिडीचा. "हा एरवी पाचवा असता. वहिनी खेळली म्हणून वर चढवलाय. हे इंग्रजीत गोड करू नकोस." मी लिहिलं. मग तू डोळे मिटलेस. "पहिला उद्या सांगते. दमले."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर होते. तिसऱ्या दिवशी मी हिवाळ्याचे कपडे वर काढत होते. चौथ्या दिवशी तू दुपारभर झोपलीस. वही टेबलावर होती, पेन्सिल वहीत होती. तू विषय काढला नाहीस, मीही नाही. मला वाटत होतं तू तो मुद्दाम ठेवलायस, आणि या वेळी त्यात काहीतरी माझ्यासाठी असेल, आणि मी तयार आहे की नाही ते मला कळत नव्हतं. म्हणून मी कपडे काढत राहिले. नवव्या सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तू खुर्चीत होतीस आणि नव्हतीस.

त्यानंतर आजपर्यंत मी रडलेले नाही. दमलेली मात्र आहे. एवढं दमायला मी काय केलं ते सांगता येणार नाही.

ईशान आणि रेवा, आता तुमच्याकडे वळते.

ईशान, परवा तू म्हणालास, तिच्या मशीनचं अकाउंट तिकडूनच उघडून बघितलंस आणि या वर्षी सगळ्यात जास्त तास तिने शेतीच्या गेममध्ये घालवलेत. "ऑब्व्हियसली तोच नंबर वन, आजी. टाकून दे." रेवा, तू म्हणालीस, "प्लीज आजी, समथिंग टाक ना. ब्लँक किती सॅड दिसेल." तुमचं दोघांचं प्रेम मला कळतं. शेतीचा खेळ ती सकाळी औषधं लागू पडेपर्यंत खेळायची, पाय सुजलेले असले की खेळायची. जास्त वेळ कुठे गेला ते मशीनला माहीत असेल. आवडलं काय, ते ती सांगणार होती. मला माहीत नाही. एकदा मी तिच्या तोंडी दुसरा पहिला क्रमांक घातला आहे. पुन्हा घालणार नाही.

म्हणून शुक्रवारी प्रिंटरकडे द्यायच्या आधी दोन गोष्टी करा. चार वर्षांपूर्वीच्या यादीतून केकचं दुकान सहाव्या जागी परत न्या, आणि पहिल्या जागी तिने सांगितलेलं वर मी उतरवलंय ते सगळं घाला. मराठीतच, तीन ओळींत न बसवता, 'वहिनी रडत नाही' या वाक्यासकट. मी ते इंग्रजीत करून देणार नाही. तुमचे बाबा ते वाचतील. वाचू देत. आणि यंदाच्या यादीत एक हा आकडा छापा आणि त्याच्यापुढे काही छापू नका.

कुंदाचं बाकीचं बोलणं अकरा वह्यांमध्ये आहे, जसं ती बोलली तसं, धमालसकट. त्या रेघा आपल्या कुटुंबात मला एकटीलाच वाचता येतात. डोळे लवकर थकतात, म्हणून रोज दोन पानं मराठीत उतरवते. पहिली वही पूर्ण झाली आहे, दुसरीची सात पानं झाली आहेत.